चौकट कशी वाचावी? भौमितिक टॉलरन्सविषयी वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत, आणि तो विषय म्हणजे ड्रॉइंगवरील भौमितिक टॉलरन्स, म्हणजे भागाच्या आकाराला, दिशेला आणि जागेला दिलेली, कप्प्यांच्या चौकटीत लिहिलेली मुभा, ज्याला कारखान्यांत सर्रास ‘जीडी अँड टी’ म्हटले जाते. त्यामुळे या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत आणि एकच शंका अनेकांनी विचारली असेल तेथे एकच पत्र घेतले आहे. सर्व मापे मिलिमीटरमध्ये आहेत.

प्रश्न : मी डिप्लोमा करून तपासणी विभागात रुजू झालो आहे. चौदाही चिन्हे नावानिशी पाठ आहेत. पण प्रत्यक्ष ड्रॉइंग समोर आले की कोठून सुरुवात करावी हे कळत नाही आणि सगळ्या चौकटी सारख्याच दिसू लागतात. नेमके काय चुकते आहे?

उत्तर : चिन्ह हा चौकटीचा केवळ पहिला कप्पा आहे, आणि शिकवताना बहुतेक वेळ त्याच कप्प्यावर खर्च होतो, त्यामुळे ही अडचण तुमच्या एकट्याची नाही. नवीन मंडळींना मी चौकट मागून वाचायला सांगतो : आधी शेवटचे कप्पे, म्हणजे डेटमची (ज्यांपासून मोजायचे त्या संदर्भांची) अक्षरे, मग मधला कप्पा, म्हणजे टॉलरन्सचा आकडा, आणि सर्वांत शेवटी चिन्ह. प्रमाण ग्रंथांत असा क्रम सांगितलेला नाही, पण जॉब (तपासायचा भाग) कशावर बसवायचा हे ठरल्याशिवाय त्यावर काय मोजायचे या प्रश्नाला अर्थच नसतो.

एक उदाहरण जवळून पाहू. १२० लांब, ८० रुंद आणि १५ जाड अशी एक प्लेट आहे आणि तिला चार होल आहेत. होलपाशी व्यास १०.० ते १०.२ असा दिला आहे. त्याच्या खाली जी चौकट आहे तिच्या पहिल्या कप्प्यात वर्तुळ आणि त्याला छेदून जाणारी फुली आहे, म्हणजे हे पोझिशनचे, अर्थात जागेचे, चिन्ह झाले. दुसऱ्या कप्प्यात व्यासाची खूण, ०.२ हा आकडा आणि वर्तुळात लिहिलेले ‘एम’ हे अक्षर आहे. पुढच्या तीन कप्प्यांत ए, बी आणि सी ही अक्षरे आहेत. ड्रॉइंगवर शोधले तर ए हे अक्षर प्लेटच्या तळाला, बी लांब कडेला आणि सी आखूड कडेला दिलेले सापडते. पहिले होल बी पासून २० आणि सी पासून २० अंतरावर आहे, आणि ही दोन्ही मापे छोट्या चौकोनांत बंद केलेली आहेत.

आता हे सगळे मराठीत उलगडून लिहू. प्लेट प्रथम तळाच्या बाजूने टेकवा, मग ती न उचलता लांब कडेने भिडवा आणि शेवटी आखूड कडेने लावा. प्लेट अशी बसलेली असताना चौकोनांतील मापांनी जो बिंदू ठरतो तेथे ०.२ व्यासाचे, तळाला अचूक लंब असलेले आणि प्लेटच्या जाडीएवढे उंच असे एक अदृश्य नळकांडे कल्पा. होलचा अक्ष वरपासून खालपर्यंत या नळकांड्याच्या आतच राहिला पाहिजे. आणि होल १०.० पेक्षा जितके मोठे झाले असेल तितक्याने हे नळकांडेही जाड धरा. एवढे मोठे वाक्य पाच कप्प्यांत बसते, म्हणून चौकट लिहायची. तुम्ही महिनाभर रोज एक चौकट निवडून तिचे असे वाक्य वहीत लिहून काढा. जेथे वाक्य अडेल तेथेच तुमचे शिकायचे राहिले आहे असे समजा.

चौकोनात बंद केलेल्या मापांबद्दल एक इशारा येथेच देतो. शीर्षकपट्टीत जी सर्वसाधारण टॉलरन्स छापलेली असते ती या मापांना लागू होत नाही. चौकोनातील २० म्हणजे अचूक २०. होलला किती सरकता येईल हे फक्त चौकट सांगते. पहिल्या वर्षी अनेक जण २० ला ± ०.१ लावून होल एकदा तपासतात आणि मग चौकटीप्रमाणे पुन्हा एकदा तपासतात, आणि दोन्ही निकाल जुळले नाहीत की गोंधळतात. त्यांतली पहिली तपासणी ड्रॉइंगने मागितलेलीच नसते.

प्रश्न : होलची जागा साध्या अधिक-उण्या मापांनी दाखवता येत असताना एवढी यातायात कशासाठी? आमच्याकडील जुनी ड्रॉइंगे तशीच आहेत आणि जॉब जुळतातही.

उत्तर : जुळतात, कारण जुन्या कारागिरांना ड्रॉइंगवर न लिहिलेल्या गोष्टीही ठाऊक असतात. ड्रॉइंग दुसऱ्या हाती गेले की अडचण सुरू होते.

दोन्ही दिशांना ± ०.१ दिले तर होलच्या केंद्राला हिंडायला ०.२ बाजूचा चौरस मिळतो. या चौरसाच्या कोपऱ्यात उभे राहिलेले केंद्र मूळ जागेपासून ०.१४१ दूर असते आणि तरीही पास होते; पण आडव्या दिशेने ते ०.११ सरकले की नापास होते. बोल्ट मात्र गोल असतो, त्याला कोणत्या दिशेने सरकले याचे सोयरसुतक नसते. कोपऱ्यातील ०.१४१ चालत असेल तर ते सर्व दिशांनी चालायला हवे, म्हणजे क्षेत्र ०.२८३ व्यासाचे वर्तुळ व्हायला हवे. या वर्तुळाचे क्षेत्रफळ चौरसाच्या सुमारे १.५७ पट भरते. म्हणजे जुळणीला कोणताही धोका न वाढवता टॉलरन्सचे क्षेत्र ५७ टक्क्यांनी वाढते. भौमितिक टॉलरन्स म्हणजे अधिक कडक टॉलरन्स हा समज या एका हिशेबाने दूर व्हावा.

या विचाराचे श्रेय स्कॉटलंडमधील अलेक्झांड्रिया येथील रॉयल टॉर्पेडो फॅक्टरीत काम करणाऱ्या स्टॅन्ली पार्कर यांना दिले जाते. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी होलच्या खऱ्या जागेभोवती गोल क्षेत्र असावे अशी मांडणी केली आणि पुढे युद्धकाळातील मोठ्या उत्पादनाने या मांडणीला बळ मिळाले.

दुसरे कारण मला क्षेत्रफळापेक्षाही महत्त्वाचे वाटते. अधिक-उण्या मापात ‘कोणापासून’ हे लिहिलेलेच नसते. ड्रॉइंगवर २० ± ०.१ ही बाणाची रेघ कडेपासून होलपर्यंत जाते, पण प्रत्यक्षातील कड थोडी तिरकी किंवा वाकडी असते. ती कड टेकवून मोजायचे, की होलच्या समोरच्या बिंदूपासून मोजायचे? दोन तपासनीस दोन आकडे आणतील आणि दोघेही आपल्या जागी बरोबर असतील.

प्रश्न : पुरवठादाराच्या सीएमएमचा (प्रोब टेकवून बिंदूंच्या जागा मोजणाऱ्या यंत्राचा) अहवाल जॉब पास दाखवतो आणि आमच्या सीएमएमवर तोच जॉब नापास होतो. दोन्ही यंत्रांचे कॅलिब्रेशन चालू तारखेचे आहे. तीन डेटमही दोघांनी तेच घेतले आहेत. चूक कोणाची?

उत्तर : डेटम तेच घेतले, पण त्याच क्रमाने घेतले का, हे आधी पाहा. चौकटीत बी आधी आणि सी नंतर लिहिण्याला शोभेचा अर्थ नाही.

मोकळ्या जॉबला हालचालीची सहा स्वातंत्र्ये असतात : तीन दिशांना सरकणे आणि तीन अक्षांभोवती फिरणे. पहिला डेटम पृष्ठभाग किमान तीन बिंदूंवर टेकतो आणि त्यांपैकी तीन स्वातंत्र्ये काढून घेतो. दुसरा दोन बिंदूंवर भिडतो आणि आणखी दोन काढून घेतो. तिसऱ्यासाठी एकच बिंदू उरतो. याचा अर्थ असा की प्लेट टेबलावर कोणत्या कोनात फिरलेली असेल हे दुसरा डेटम ठरवतो, तिसऱ्याला त्यात बोलायला जागाच नाही.

माझ्या उमेदवारीच्या काळात मी याच कारणाने चांगला माल नापास केला होता. ३०० लांब आणि ८० रुंद अशा प्लेटा होत्या, लांब कड बी आणि आखूड कड सी. आखूड कड माझ्या बाजूला होती आणि तिच्यावर प्रोब नेणे सोपे होते, म्हणून मी यंत्रावर दिशा तिच्यावरून लावली. ती कड ८० लांबीत ०.१ ने गुण्याबाहेर (काटकोनातून ढळलेली) होती, आणि ड्रॉइंगप्रमाणे तेवढे चालणारही होते. पण मी तिच्यावरून दिशा लावल्यामुळे सगळी प्लेट त्या तिरकेपणाएवढी फिरली, आणि तिच्यापासून २४० अंतरावरचे होल ०.३ ने सरकलेले दिसू लागले. हिशेब सोपा आहे : ८० मध्ये ०.१, तर २४० मध्ये तिप्पट. नापास केलेल्या प्लेटा जुळणी विभागाने दुसऱ्या दिवशी एकेक करून बसवून दाखवल्या. तेव्हापासून यंत्राला हात लावण्यापूर्वी डेटमचा क्रम मी कागदावर लिहून ठेवतो.

क्रम बरोबर असेल तर पुढचा संशय बिंदूंच्या संख्येवर घ्यावा. ड्रॉइंगवरचे ए हे अक्षर ज्या खऱ्या पृष्ठभागाला लावलेले असते तो डेटम नव्हे, ते डेटम फीचर. डेटम हे त्याच्यावरून ठरणारे आदर्श प्रतल असते, आणि सर्फेस प्लेटवर जॉब ठेवला की तो आपल्या उंच बिंदूंवर टेकून ते प्रतल जवळजवळ आपोआप देतो. सीएमएम मात्र त्या पृष्ठभागावर तुम्ही जेथे प्रोब टेकवला तेवढेच जाणतो. एकाने चार बिंदू घेतले आणि दुसऱ्याने चाळीस, किंवा एकाच्या सॉफ्टवेअरने बिंदूंमधून सरासरी प्रतल काढले आणि दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरने उंच बिंदूंवर टेकणारे काढले, तर पृष्ठभाग जितका ओबडधोबड तितका फरक मोठा पडतो. पुरवठादाराशी वाद घालण्यापूर्वी हा तपशील लेखी मागवा. निम्मे वाद तेथेच मिटतात.

प्रश्न : आमचे वरिष्ठ ‘बोनस टॉलरन्स’ला, म्हणजे होल मोठे झाल्याने मिळणाऱ्या जादा मुभेला, माल पास करण्याची पळवाट म्हणतात आणि चौकटीत वर्तुळातील ‘एम’ असूनही तो जमेस धरू देत नाहीत. त्यांचे म्हणणे योग्य आहे का?

उत्तर : ड्रॉइंगवर वर्तुळातील ‘एम’ असेल तर तो डिझायनरने विचारपूर्वक दिलेला हक्क आहे, आणि तो नाकारणे म्हणजे ड्रॉइंगप्रमाणे तपासणी न करणे होय. वरिष्ठांशी बोलताना अर्थातच हे याहून सौम्य शब्दांत सांगावे.

‘एम’ म्हणजे जॉबच्या अंगावर जास्तीत जास्त धातू असतानाची स्थिती. होलच्या बाबतीत ती सर्वांत लहान मापाला येते, शाफ्टच्या बाबतीत सर्वांत मोठ्या मापाला. वरच्या प्लेटचेच होल घेऊ. होल १०.० चे असताना पोझिशनला ०.२ आहे, म्हणजे ज्या खुंटीसाठी ते आहे तिला वाईटातल्या वाईट स्थितीतही १०.० वजा ०.२, अर्थात ९.८ एवढी जागा हमखास मिळते. आता होल १०.२ चे झाले आणि ०.४ ने सरकले, तरी १०.२ वजा ०.४ म्हणजे ९.८ च उरते. खुंटीच्या दृष्टीने काहीही बदललेले नाही. म्हणूनच अशा जॉबसाठी तळ आणि दोन कडा टेकवून घेणारा आणि ९.८ च्या चार पिना खऱ्या जागी रोवलेला गेज तयार करता येतो. जॉब त्यावर पूर्ण बसला तर पोझिशन पास. होलचा व्यास मात्र वेगळा तपासावा लागतो, कारण मर्यादेबाहेर मोठे झालेले होल या गेजवर हसतखेळत बसते.

यंत्रावर मोजल्यास हिशेब असा होतो. समजा केंद्र एका दिशेला २०.०९ वर आणि दुसऱ्या दिशेला १९.८८ वर सापडले. म्हणजे विचलन ०.०९ आणि ०.१२ झाले. त्यांच्या वर्गांची बेरीज ०.०२२५ येते आणि तिचे वर्गमूळ ०.१५. येथे थांबून ‘०.१५ हे ०.२ पेक्षा कमी, म्हणून पास’ असे लिहिणारे मी अनेक पाहिले आहेत. टॉलरन्स व्यासात दिलेला आहे आणि ०.१५ ही त्रिज्या आहे, म्हणून ती दुप्पट करावी लागते, आणि पोझिशन ०.३० येते. ०.२ च्या तुलनेत हा जॉब नापास. आता होलमध्ये जाऊ शकणाऱ्या सर्वांत मोठ्या पिनेचे माप १०.१४ आले, तर ०.१४ बोनस मिळतो, एकूण मुभा ०.३४ होते आणि जॉब पास होतो. अहवालात तिन्ही आकडे लिहावेत, नुसता शेवटचा निकाल लिहू नये.

वरिष्ठांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. बोनस सगळीकडे द्यावा असे नाही. ज्या होलमध्ये बोल्टला खेळ ठेवून नुसते आरपार जायचे आहे तेथे तो शोभतो. डॉवेल पिन घट्ट बसवायची असेल, किंवा बेअरिंगच्या बोअरवर गिअरचे मध्यांतर अवलंबून असेल, तर बोअर मोठे झाले म्हणून ते अधिक सरकलेले चालत नाही. तेथे चौकटीत ‘एम’ नसतो, आणि नसेल तर बोनसही नाही. एएसएमई या अमेरिकी संस्थेच्या वाय १४.५ या प्रमाणात १९९४ पासून काही न लिहिणे म्हणजे बोनस नाही असा अर्थ आहे. त्याआधीच्या १९८२ च्या आवृत्तीत पोझिशनच्या चौकटीत काय लागू आहे ते अक्षराने लिहावेच लागे, म्हणून जुन्या ड्रॉइंगांवर वर्तुळातील ‘एस’, म्हणजे बोनस नाही, असा दिसतो.

डेटमच्या अक्षराशेजारी दिसणारा ‘एम’ हा वेगळा विषय आहे. तो टॉलरन्सच्या आकड्यात काहीही मिळवत नाही. तो डेटम म्हणून घेतलेल्या होलला किंवा बॉसला (गोल उंचवट्याला) गेजवर थोडा खेळ देतो, आणि त्या खेळाएवढा सगळा जॉब, सगळ्या होलांसह, एकत्र सरकवून पाहता येतो. प्रत्येक होलच्या बोनसमध्ये तो स्वतंत्रपणे मिळवणे ही चूक आहे, आणि तिच्यामुळे खरोखरच न जुळणारा माल पास होऊ शकतो.

प्रश्न : लंबतेच्या चौकटीत ०.०५ लिहिले आहे. हे अंश समजायचे की मिलिमीटर? आणि एकाच पृष्ठभागावर समांतरता ०.०३ व सपाटी ०.०५ अशा दोन चौकटी असतील तर कोणती पाळायची?

उत्तर : मिलिमीटर. डेटमशी अचूक ९० अंशांत उभी असलेली दोन प्रतले एकमेकांपासून ०.०५ अंतरावर आहेत असे समजा. पृष्ठभागाचा प्रत्येक बिंदू त्यांच्यामध्ये असला पाहिजे. कोनाचा भाव त्या प्रतलांच्या उभे राहण्यात आला, आकडा फक्त त्यांच्यातील अंतर सांगतो. त्यामुळे १०० उंचीच्या भिंतीला ०.०५ आणि २० उंचीच्या भिंतीला ०.०५ या अंशांच्या हिशेबात अगदी निराळ्या गोष्टी आहेत.

दुसऱ्या प्रश्नातील सपाटीची चौकट निरर्थक आहे. पृष्ठभाग ०.०३ अंतरावरच्या दोन समांतर प्रतलांत मावला तर त्याची सपाटी ०.०३ पेक्षा वाईट असूच शकत नाही. डिझायनरला विचारा, बहुधा आकड्यांची अदलाबदल झालेली असेल. सपाटी, सरळपणा, गोलाई आणि नळाकारता या चौघांना डेटम नसतो हेही लक्षात ठेवा. सपाटीच्या चौकटीत ए हे अक्षर दिसले तर मोजायला बसण्याऐवजी ड्रॉइंग परत पाठवावे.

प्रश्न : ग्राइंडिंग केलेल्या शाफ्टचा व्यास मायक्रोमीटरने सर्व बाजूंनी तपासला, फरक दोन मायक्रॉनांच्या आत आहे. तरी ग्राहक गोलाई नापास म्हणतो. तसेच रनआउट, टोटल रनआउट आणि कॉन्सेन्ट्रिसिटी यांतील फरक समजावून सांगावा.

उत्तर : मायक्रोमीटर समोरासमोरचे दोन बिंदू धरतो. ज्या आकाराला तीन किंवा पाच पाकळ्या आहेत त्यात एका बाजूच्या उंचवट्यासमोर दुसऱ्या बाजूचा खोलगट भाग येतो, त्यामुळे रुंदी कोठूनही तीच भरते आणि तरीही आकार गोल नसतो. सेंटरलेस ग्राइंडिंगमध्ये जॉब सेंटरवर न फिरता स्वतःच्याच पृष्ठभागावर आधारून फिरतो, आणि तेथे अशा विषम पाकळ्या तयार होण्याची प्रवृत्ती असते. तुमचा शाफ्ट त्याच यंत्रावरून आला असेल तर ग्राहकाचे बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेत) फिरवून डायल (काट्याने हालचाल दाखवणारे उपकरण) लावली तर काही तरी दिसेल, पण व्हीच्या कोनाप्रमाणे काही पाकळ्या वाढून दिसतात आणि काही दडतात. नेमका आकडा गोलाई मोजणाऱ्या यंत्रावरच मिळतो.

रनआउट समजण्यासाठी डोळ्यांसमोर डायल आणावी. शाफ्ट डेटमच्या अक्षाभोवती फिरवायचा आणि एका जागी डायल ठेवून काटा किती हलतो ते पाहायचे, हा झाला साधा रनआउट. दुसऱ्या जागी डायल नेल्यावर ती पुन्हा शून्यावर लावता येते. टोटल रनआउटमध्ये शाफ्ट फिरत असताना डायल लांबीभर सरकवायची आणि मध्ये शून्य लावायचे नाही. म्हणून शाफ्ट निमुळता असला तरी साध्या रनआउटमध्ये तो पास होऊ शकतो, टोटल रनआउटमध्ये मात्र पकडला जातो. काटा गोलाईचा दोष आणि अक्षाचे सरकणे दोन्ही मिळून दाखवतो, त्यांना वेगळे करत नाही, आणि फिरणाऱ्या भागांसाठी बहुधा तेवढेच हवे असते.

कॉन्सेन्ट्रिसिटीचा, म्हणजे दोन गोल भागांचा मध्य एकच असण्याचा, उल्लेख तुम्ही केलात, तर पहिल्या पत्रलेखकांनीही हे वाचावे. एएसएमईच्या अर्थाप्रमाणे ती मोजायला समोरासमोरच्या बिंदूंचे मध्यबिंदू काढत जावे लागते, आणि ते काम इतके किचकट होते की बहुतेक जण डायल लावून रनआउट मोजत आणि अहवालात कॉन्सेन्ट्रिसिटी लिहीत. २०१८ च्या आवृत्तीतून ती आणि सिमेट्री ही दोन्ही चिन्हे काढून टाकण्यात आली, त्यामुळे चौदाची बारा झाली. त्यांचे काम आता पोझिशन, रनआउट किंवा प्रोफाइल यांनी करायचे. आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाणांत मात्र ती चिन्हे टिकून आहेत आणि तेथे समाक्षतेचा अर्थ थेट अक्षाच्या विचलनाशी जोडलेला आहे. चिन्ह तेच, पण हिशेब वेगळा.

प्रश्न : १०० लांबीची, व्यास ९.९५ ते १०.०० अशी पिन आहे. सर्व ठिकाणी व्यास मर्यादेत आहे, पण पिन थोडी वाकलेली असल्याने बुशमध्ये जात नाही. ड्रॉइंगवर सरळपणाची चौकट नाही. पिन नापास करता येईल का?

उत्तर : शीर्षकपट्टीत कोणते प्रमाण लिहिले आहे त्यावर उत्तर अवलंबून आहे, आणि दोन उत्तरे परस्परविरुद्ध आहेत.

एएसएमई वाय १४.५ लिहिले असेल तर त्यातील पहिला नियम लागू होतो : मापाच्या टॉलरन्समध्ये आकारही बांधलेला असतो. १०.०० व्यासाचे अचूक, सरळ आवरण कल्पा. पिनेने त्याच्या बाहेर जाता कामा नये. पिन सर्वत्र १०.०० ची असेल तर तिला वाकायला जागा शून्य, आणि ९.९५ ची असेल तर फार तर ०.०५. त्यामुळे १०.०० च्या सरळ, पूर्ण लांबीच्या रिंग गेजमध्ये न जाणारी पिन नापास. बाजारातून येते तशीच वापरलेली सळई किंवा पत्रा यांना हा नियम लागत नाही.

आयएसओ लिहिले असेल तर आयएसओ ८०१५ प्रमाणे माप आणि आकार स्वतंत्र असतात. तेथे व्यास म्हणजे दोन बिंदूंमधील अंतर. तो सर्व ठिकाणी मर्यादेत असेल तर व्यासाच्या कारणाने पिन नापास होत नाही, मग ती कितीही वाकलेली असो. आवरणाची अट हवी असल्यास डिझायनरने मापापुढे वर्तुळातील ‘ई’ लिहायला हवा होता. सर्वसाधारण भौमितिक टॉलरन्सचा उल्लेख कोठे आहे का, तेही पाहा. पूर्वी त्यासाठी आयएसओ २७६८ चा दुसरा भाग वापरत. २०२१ मध्ये त्याची जागा आयएसओ २२०८१ ने घेतली, पण जुन्या ड्रॉइंगांवर पहिलाच उल्लेख अजून दिसतो आणि तो त्या ड्रॉइंगापुरता बंधनकारक आहे.

शीर्षकपट्टीत दोन्हींपैकी काहीच नसेल, तर पिन पास किंवा नापास असा शेरा मारू नका. ड्रॉइंग अपुरे आहे असे लिहून ते डिझाइन विभागाकडे पाठवा आणि पिना बाजूला ठेवा.

प्रश्न : डेटमचा त्रिकोण कधी मापाच्या बाणाला चिकटलेला असतो, तर कधी त्यापासून बाजूला सरकलेला असतो. काढणाऱ्याची लकब समजायची का?

उत्तर : लकब नव्हे. त्रिकोण व्यासाच्या मापरेषेच्या सरळ रेषेत असेल तर डेटम त्या व्यासाचा अक्ष असतो, आणि ते माप जाडीचे असेल तर मध्यप्रतल. त्रिकोण मापरेषेपासून स्पष्टपणे बाजूला असेल तर डेटम तो पृष्ठभाग असतो. टॉलरन्सच्या चौकटीतून निघणाऱ्या बाणालाही हीच रीत लागू पडते : सरळपणाची चौकट शाफ्टच्या व्यासाच्या मापाखाली लावली तर अक्षाचा सरळपणा मोजायचा, आणि तिचा बाण शाफ्टच्या कडेवर टेकवला तर पृष्ठभागावरील एकेका रेषेचा. कॅडमध्ये मापे नीटनेटकी दिसावीत म्हणून त्रिकोण चार-पाच मिलिमीटर सरकवला की अर्थ बदलतो. ड्रॉइंगची नवीन आवृत्ती आली आणि बदलांच्या नोंदीत डेटमविषयी काहीही नसले, तरी जुनी प्रत शेजारी ठेवून सगळे त्रिकोण एकदा ताडून पाहावेत.